जुन्या सरकारी फायलींतल्या उडत्या तबकड्या : कागद कुठे मिळतात आणि कसे वाचायचे

दप्तरी :

'अमेरिकेने अखेर कबूल केलं' असा मथळा आणि खाली पिवळ्या पडलेल्या टंकलिखित कागदाचा फोटो, हे अधूनमधून सगळ्यांच्या फोनवर येत असतं. कागद बऱ्याचदा खरा असतो, मथळा नसतो. मूळ फाइल घरबसल्या, फुकट उघडता येते. ती उघडली की निम्मे वाद तिथेच मिटतात आणि उरलेले खरोखर रंगतात. त्यासाठी हा धागा.

सुरुवात 'प्रोजेक्ट ब्लू बुक'पासून करतो, कारण सलग आणि सगळ्यांना खुला असलेला एवढा मोठा साठा दुसरा नाही. २४ जून १९४७ ला केनेथ अर्नोल्ड या वैमानिकाने माउंट रेनियरजवळ नऊ वस्तू वेगाने जाताना पाहिल्याचं सांगितलं आणि तक्रारींचा पूर आला. हवाई दलाने आधी 'साइन', १९४९ मध्ये 'ग्रज' आणि १९५२ मध्ये 'ब्लू बुक' अशी नावं बदलत एकच काम चालवलं. ठिकाण ओहायोतला राइट-पॅटरसन तळ. १७ डिसेंबर १९६९ ला ते बंद झालं तेव्हा नोंदी होत्या १२,६१८ आणि त्यांतल्या ७०१ वर 'अनोळखी' असा शेरा.

हे सगळं अमेरिकेच्या नॅशनल अर्काइव्हजमध्ये रेकॉर्ड ग्रुप ३४१ मध्ये आहे. मायक्रोफिल्मचा क्रमांक टी-१२०६, एकूण ९४ रिळं. पहिल्या रिळाच्या सुरुवातीला सूची आहे, ती आधी उतरवून घ्या. फायलींमध्ये विखुरलेली छायाचित्रं वेगळी काढून शेवटच्या दोन रिळांवर चित्रित केली आहेत. त्यामुळे 'फाइलमध्ये फोटोचा उल्लेख आहे पण फोटो गायब केला' असं म्हणण्याआधी तिथे बघावं. अर्काइव्हजच्या ऑनलाइन कॅटलॉगवर आणि फोल्ड३ या संकेतस्थळावर स्कॅन आहेत.

प्रकरणं तारखेनुसार लावलेली आहेत. साक्षीदाराच्या नावाने शोधून हाती काही लागत नाही, कारण लोकांना खुलं करताना नावं खोडली आहेत. तारीख आणि गाव हातात घेऊनच शिरायचं, आणि तारखेच्या मागचा-पुढचा एकेक दिवस बघायचाच. का, ते खाली वेळेच्या मुद्द्यात येईल.

प्रत्येक प्रकरणावर साधारणपणे वर एक छापील कार्ड असतं, 'प्रोजेक्ट १००७३'चं नोंदकार्ड. त्यात तारीख, ठिकाण, स्थानिक वेळ आणि ग्रीनिच वेळ, निरीक्षणाचा प्रकार (जमिनीवरून डोळ्यांनी, जमिनीवरच्या रडारवर, विमानातून डोळ्यांनी, विमानाच्या रडारवर), फोटो आहे की नाही, किती वेळ दिसलं, किती वस्तू, दिशा, थोडक्यात वर्णन आणि एका बाजूला निष्कर्षाचे चौकोन. बलून, विमान, खगोलीय या तिन्हींना तीन-तीन पायऱ्या आहेत : 'होतं', 'बहुधा', 'कदाचित'. त्याखाली 'इतर', 'अपुरी माहिती' आणि 'अज्ञात'.

माझं सांगणं एवढंच की हे कार्ड शेवटी वाचा. ते सगळ्यात उशिरा भरलेलं असतं आणि भरणारा माणूस आकाशाकडे बघणारा नव्हता. कार्ड बाजूला ठेवून आतले कागद त्यांच्या तारखेच्या क्रमाने लावा : आधी तळावरून आलेला टेलिटाइप संदेश, मग साक्षीदाराने भरलेली प्रश्नावली आणि रेखाटन, मग हवामान खात्याशी किंवा विमानतळाशी झालेला पत्रव्यवहार, मग वर्तमानपत्रांची कात्रणं. संदेशात '४० सेकंद' असेल आणि कात्रणात 'अर्धा तास' असेल, तर कुठला आकडा आधी लिहिला गेला हे असंच कळतं.

अनघा_क :

उपयुक्त धागा! एक शंका. जुलै १९४७ ची सगळी यादी चाळली, रॉसवेल कुठेच नाही. रीळ हरवलंय की मीच चुकीच्या ठिकाणी बघतेय?

दप्तरी :

अनघाताई, रीळ शाबूत आहे. रॉसवेलचं प्रकरण (जुलै १९४७ मध्ये न्यू मेक्सिकोत 'तबकडी'चे अवशेष सापडल्याची बातमी) ब्लू बुकमध्ये नाहीच. त्या वेळी दोन दिवसांत 'हवामानाचा बलून' म्हणून ते मिटलं आणि तक्रार म्हणून कधी नोंदलंच गेलं नाही. पुन्हा गाजायला लागलं ते १९७० च्या दशकाच्या अखेरीस.

त्या काळाचे म्हणून दोन सरकारी कागद टिकलेत. अमेरिकेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २८ जुलै १९९५ च्या अहवालात तेच दाखवले : एक, ५०९ व्या बॉम्ब ग्रुपच्या जुलै १९४७ च्या इतिहासनोंदीतला उल्लेख, दुसरा, ८ जुलै १९४७ चा एफबीआयच्या डॅलस कार्यालयाचा टेलिटाइप. त्या टेलिटाइपमध्ये षटकोनी 'तबकडी' सुमारे वीस फूट व्यासाच्या बलूनला दोरीने टांगलेली होती असं स्पष्ट लिहिलंय. ती ओळ कापून उरलेला कागद फिरवला जातो. याच अहवालात असंही नमूद आहे की रॉसवेल तळावरून बाहेर गेलेल्या संदेशांच्या ऑक्टोबर १९४६ ते डिसेंबर १९४९ या काळातल्या फायली नष्ट झाल्या आहेत. ही माहिती दोन्ही बाजूंना गैरसोयीची आहे, पण ती सांगितलीच पाहिजे. हवाई दलाने १९९४ मध्ये जो 'मोगल' प्रकल्प पुढे केला, तो म्हणजे सोव्हिएत अणुचाचण्यांचा आवाज उंचावरून टिपण्यासाठी सोडलेली बलूनची लांब माळ. खाली लटकवलेले रडार-परावर्तक लाकडी पट्ट्या आणि चंदेरी कागदाचे, कोनाकोनांचे होते. टेलिटाइपमधलं वर्णन त्याच्याशी जुळतं.

शंकासुर :

१२,६१८ पैकी ७०१, म्हणजे साडेपाच टक्के. ९४ टक्क्यांहून जास्त प्रकरणं सुटली. मग उरलेल्यांसाठी एवढा खटाटोप कशाला? माहिती मिळाली असती तर तीही सुटली असती.

दप्तरी :

हा आकडा सगळेच वापरतात, म्हणून त्याची फोड सविस्तर करतो. वर्षवार तक्ता बघा. १९५२ मध्ये १,५०१ नोंदी आणि ३०३ अनोळखी. म्हणजे त्या एका वर्षात वीस टक्के. आणि संपूर्ण प्रकल्पातल्या ७०१ पैकी ३०३ एकट्या त्या वर्षातल्या. आता १९५७ बघा : १,००६ नोंदी, अनोळखी फक्त १४. दीड टक्कासुद्धा नाही. पाच वर्षांत साक्षीदार इतके हुशार झाले नव्हते आणि आकाशही बदललं नव्हतं. बदलली ती वर्गवारी.

१९५२ मध्ये कॅप्टन एडवर्ड रपेल्ट प्रमुख होते. पुरेसा पुरावा नसेल तर प्रकरण उघडं ठेवायची त्यांची पद्धत होती. जानेवारी १९५३ मध्ये सीआयएने बोलावलेल्या रॉबर्टसन समितीने सल्ला दिला की या विषयाचं लोकांमधलं गूढ कमी करावं. पुढे वार्षिक आकडेवारीत 'कदाचित बलून', 'बहुधा बलून' आणि 'बलून' हे तिन्ही एकाच रकान्यात, 'उलगडलेले' म्हणून मोजले जाऊ लागले. 'अपुरी माहिती' हा वेगळा ढीग, तोही 'अनोळखी'त धरलेला नाही. म्हणजे ९४ टक्के 'सुटली' यात 'कदाचित' आणि 'माहितीच नाही' हे दोन्ही बसलेत.

उलट बाजूही सांगतो. १९५२ चे ३०३ म्हणजे ३०३ गूढं नव्हेत. त्या उन्हाळ्यात, विशेषतः १९-२० आणि २६-२७ जुलैच्या रात्री वॉशिंग्टनच्या रडारवर ठिपके दिसल्यावर, तक्रारी इतक्या आल्या की प्रत्येकीची चौकशी करायला माणसंच नव्हती.

'माहिती मिळाली असती तर सुटली असती' हे मात्र तपासून बघण्यासारखं विधान आहे आणि ते तपासलंही गेलंय. बॅटेल या संस्थेने ३,२०१ प्रकरणं पंचकार्डांवर चढवून केलेला अभ्यास हवाई दलाने १९५५ मध्ये 'विशेष अहवाल क्रमांक १४' म्हणून काढला. त्यात प्रकरणांची दर्जानुसार प्रतवारी आहे. तुमचं म्हणणं खरं असतं तर उत्तम दर्जाच्या प्रकरणांत अनोळखींचं प्रमाण कमी निघायला हवं होतं. ते जास्त निघालं. यावरून परग्रहवासी सिद्ध होत नाहीत, पण 'अनोळखी म्हणजे भुक्कड साक्ष' हेही टिकत नाही.

शंकासुर :

तक्ता बघितला. १९५२ बद्दलचं मान्य. पण मग सीआयएच्याच इतिहासकाराने १९९७ मध्ये लिहिलंय की पन्नासच्या दशकाचा शेवट आणि साठच्या दशकातल्या निम्म्याहून जास्त तक्रारी यू-२ सारख्या टेहळणी विमानांच्या होत्या. त्याचं काय?

दप्तरी :

यू-२ पहिल्यांदा उडालं ऑगस्ट १९५५ मध्ये. १९४७ आणि १९५२ या दोन्ही लाटा त्याच्या आधीच्या. त्यानंतरच्या काळाबद्दल दावा पटण्याजोगा आहे पण मोजलेला नाही. ६०,००० फुटांवरचं चंदेरी विमान सूर्यास्तानंतर खालच्या वैमानिकाला चमकताना दिसणारच. पण १९५७ च्या हजारभर नोंदी प्रत्यक्ष उघडल्या तर त्यांचा मोठा वाटा नोव्हेंबरचा, स्पुतनिक-२ सुटल्यानंतरचा, आणि कितीतरी नोंदी जमिनीवरच्या लोकांच्या, क्षितिजालगतच्या दिव्यांच्या आहेत. त्या यू-२ च्या खात्यावर टाकता येत नाहीत.

ध्रुवमत्स्य :

आकाश तपासायचा क्रम मी देतो. बहुतेक जण पहिल्याच पायरीवर, वेळेवर, घसरतात.

लष्करी संदेशात वेळ अशी असते : २०/०३४०झेड. म्हणजे महिन्याची २० तारीख, ग्रीनिचचे ३ वाजून ४० मिनिटं. अक्षर झेड असेल तर ग्रीनिच. आर म्हणजे अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याची प्रमाणवेळ (पाच तास मागे), एस मध्य, टी पर्वतीय, यू पश्चिम किनारा. क्यू म्हणजे पूर्वेची उन्हाळी वेळ, चार तास मागे. एल म्हणजे 'स्थानिक', आणि हे सगळ्यात घातक अक्षर, कारण कुठली स्थानिक ते तुम्हालाच शोधायचं. वॉशिंग्टनच्या रडारवर ठिपके आले ते १९ जुलैच्या रात्री ११:४० ला, उन्हाळी वेळेनुसार. ग्रीनिचमध्ये तेव्हा २० जुलैचे ०३४०. एकाच घटनेला दोन तारखा. दप्तरींनी मागचा-पुढचा दिवस बघा म्हटलंय ते याचसाठी.

त्यात आणखी एक खोच आहे. अमेरिकेत उन्हाळी वेळेचा देशभर एकसारखा कायदा १९६६ मध्ये झाला. त्याआधी प्रत्येक राज्य, कधी प्रत्येक शहर आपापलं ठरवायचं. १९५२ च्या उन्हाळ्यातल्या एखाद्या गावाची वेळ एक तासाने चुकली तर आकाश १५ अंशांनी सरकतं. शुक्र मावळला होता की क्षितिजावर होता हे उलटंपालटं होऊ शकतं. म्हणून स्टेलारियममध्ये (जुन्या तारखेचं आकाश दाखवणारा प्रोग्राम) वेळ कायम यूटीसी, म्हणजे ग्रीनिचची, ठेवा आणि रूपांतर स्वतः, कागदावर करा. प्रोग्रामवर सोडू नका.

दुसरी पायरी, कालावधी. साधी उल्का एक-दोन सेकंद, मोठा अग्निगोल फार तर दहा-पंधरा. जळत परतणारा उपग्रह किंवा रॉकेटचा टप्पा एक-दोन मिनिटं, क्षितिजाला बऱ्यापैकी समांतर, तुकडे एकामागोमाग. शाबूत उपग्रह चार-सहा मिनिटं, आणि तो ४ ऑक्टोबर १९५७ च्या आधी असूच शकत नाही. तासभर जागच्या जागी लुकलुकणारं, हळूहळू पश्चिमेला उतरणारं काही असेल तर आधी शुक्र, गुरू, व्याध, अगस्त्य यांचे दिगंश (क्षितिजावरची दिशा, अंशांत) आणि उंची काढा.

तिसरी पायरी, कोन. साक्षीदाराचा 'उंची वीस हजार फूट, लांबी शंभर फूट' हा आकडा सोडून द्या. आकार ठाऊक नसेल तर अंतर डोळ्याला कळत नाही, अंतर ठाऊक नसेल तर आकार कळत नाही. कोन मात्र वापरता येतो. हवाई दलाच्या प्रश्नावलीत हात लांब करून धरलेल्या नाण्याशी तुलना करायला सांगायचे. अमेरिकेचं डाइम हे नाणं १७.९ मिलिमीटरचं. हात ६५ सेंटिमीटर धरला तर ते दीड अंशाहून थोडं जास्त भरतं, म्हणजे तीन पूर्णचंद्र शेजारी शेजारी. पूर्णचंद्र स्वतः हाताच्या अंतरावर सहा मिलिमीटरच्याही आत बसतो. बहुतेकांना चंद्र नाण्याएवढा वाटतो. म्हणून 'डाइमएवढं' असं उत्तर दिसलं की ते सरळ तिपटीने फुगलं असण्याची शक्यता धरून चाला.

चौथी, बलून. हवामान केंद्रं वाऱ्याचा वेग मोजायला छोटे बलून सोडतात, रात्री त्याला बारीक दिवा बांधतात. ३० ग्रॅमचा बलून मिनिटाला साधारण १८० मीटर चढतो. पांढरा ठिपका, आवाज नाही, वाऱ्याबरोबर सरकत लहान होत जाणारा. रेडिओसोंडच्या (हवामानाची उपकरणं वर नेणाऱ्या बलूनच्या) वेळा आज ग्रीनिचच्या ०० आणि १२ आहेत, पण १९५७ च्या मध्यापर्यंत त्या ०३ आणि १५ होत्या. ५२ च्या प्रकरणाला आजच्या वेळा लावून 'बलून नव्हताच' असा निष्कर्ष लोक काढतात आणि तो चुकतो. मग वाऱ्याची दिशा : वस्तू ज्या उंचीवर होती असं मानता, त्या उंचीवरच्या वाऱ्याच्या उलट ती गेली असेल तर बलून बाद.

मोठ्या बलूनचं गणित वेगळं. ३५ किलोमीटर उंचीवरच्या बलूनवर आपल्याकडे सूर्य मावळल्यानंतरही ऊन असतं, सूर्य क्षितिजाखाली सुमारे सहा अंश जाईपर्यंत. महाराष्ट्राच्या अक्षांशावर हे पंचवीस मिनिटांच्या आसपास येतं. हैदराबादला टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं बलून केंद्र आहे. तिथून उडालेला बलून हैदराबादच्याच डोक्यावर ३५ किलोमीटरवर असला, तर पृथ्वीची वक्रता धरूनही सोलापुरातून तो क्षितिजाच्या वर पाच-सहा अंशांवर दिसायला हवा. संध्याकाळी पूर्वेला स्थिर, चकाकणारा, चिमुकला थेंब. केंद्र उड्डाणांआधी जाहीर सूचना काढतं, त्यात आपल्याकडचे जिल्हेही असतात. तक्रार हातात आली की ती सूचना आधी शोधा.

दप्तरी :

वा, फारच नेमकं. यालाच जोडून मँटेलचं प्रकरण. ७ जानेवारी १९४८, केंटकीतलं गॉडमन फील्ड. कॅप्टन थॉमस मँटेल एका चकाकत्या वस्तूमागे चढत गेले, प्राणवायूची सोय नव्हती, विमान कोसळून मृत्यू झाला. चौकशीत आधी शुक्र म्हटलं गेलं. त्या दुपारी शुक्र त्या बाजूला होता खरा, पण दिवसाउजेडी लक्ष वेधून घेण्याइतका तेजस्वी नव्हता. नौदलाचे 'स्कायहूक' हे प्रचंड बलून तेव्हा गुप्त होते, त्यामुळे फाइल हाताळणाऱ्यांना त्यांचा पत्ताच नव्हता. बलूनचं स्पष्टीकरण नंतर आलं. शेरा बदलला, निरीक्षण तेच राहिलं. म्हणून म्हणतो, शेऱ्याला तारीख असते.

टेम्सकाठ :

ब्रिटनचे कागद लंडनमधल्या क्यू इथल्या नॅशनल अर्काइव्हजमध्ये. हवाई खात्याचे एआयआर २ आणि एआयआर २०, संरक्षण मंत्रालयाचे डीईएफई २४ आणि डीईएफई ३१. १९६७ च्या आधीच्या फायली पाच वर्षांनी नष्ट करायची रीत होती, त्यामुळे पन्नासच्या दशकातलं जे उरलंय ते त्रोटक. १९५१ चा 'फ्लाइंग सॉसर वर्किंग पार्टी'चा अहवाल नष्ट झाला असंच सगळे समजत होते. तो २००१ मध्ये सापडला, आता डीईएफई ४४/११९ मध्ये आहे. मंत्रालयाचं यूएफओ टेबल २००९ च्या अखेरीस बंद झालं आणि २००८ ते २०१३ दरम्यान फायली टप्प्याटप्प्याने खुल्या झाल्या.

वाचायला घ्यायचा तर रेंडलशॅमचा (इंग्लंडमधल्या अमेरिकी हवाई तळाशेजारच्या जंगलाचा) कागद घ्या. लेफ्टनंट कर्नल चार्ल्स हॉल्ट यांचा १३ जानेवारी १९८१ चा एकपानी मेमो, विषय 'अनएक्सप्लेन्ड लाइट्स'. तीन परिच्छेद. पहिल्यात म्हटलंय, २७ डिसेंबर १९८० च्या पहाटे, सुमारे ०३००एल, वुडब्रिज तळाच्या मागच्या फाटकाबाहेर गस्तीच्या दोन शिपायांना जंगलात दिवे दिसले. दुसऱ्यात जमिनीवरचे तीन खळगे, दीड इंच खोल, सात इंच व्यासाचे, आणि ०.१ मिलिरोएंटजेन किरणोत्सार. तिसऱ्यात नंतरच्या रात्रीचा लाल दिवा आणि क्षितिजापासून दहा अंशांवर ताऱ्यांसारख्या वस्तू.

आता तारीख पकडा. सफक पोलिसांच्या नोंदीत तळावरून आलेला फोन २६ डिसेंबरच्या पहाटे ४:११ चा आहे. मेमो घटनेनंतर अडीच आठवड्यांनी, आठवणीवर लिहिलेला, एक दिवस पुढे गेलेला. रडारची विचारपूस मेमोतल्या तारखा धरून झाली आणि अर्थातच काही सापडलं नाही. चुकीच्या रात्रीचं रडार बघून 'काही नव्हतं' म्हणणं आणि 'लपवलं' म्हणणं, दोन्ही सारखंच निरर्थक. खरी तारीख घेतली की २६ च्या पहाटे तीनच्या सुमारास दक्षिण इंग्लंडवर दिसलेला मोठा अग्निगोल समोर येतो. दुसऱ्या रात्री हॉल्टनी ध्वनिफितीवर नोंदवलेल्या लुकलुकत्या दिव्याचा ठेका सुमारे पाच सेकंदांचा, आणि ऑरफर्डनेसच्या दीपगृहाचा झोतही पाच सेकंदांचा, त्याच दिशेला. खळग्यांबद्दल आणि किरणोत्साराबद्दल वाद आहेत, पण तारखेबद्दल आता नाही.

फ्रान्सचंही सांगून टाकतो. तिथे हे काम १९७७ पासून तुलूजच्या अंतराळ संस्थेकडे आहे, आजचं नाव गेइपान. २००७ पासून प्रकरणं संकेतस्थळावर आहेत, पोलिसांच्या जबान्यांसकट. ए म्हणजे उलगडलेलं, बी बहुधा उलगडलेलं, सी अपुरी माहिती, डी तपास करूनही न उलगडलेलं. 'बहुधा'ला स्वतःची जागा आहे. ब्लू बुकमध्ये जे गमावलं, ते इथे राखलंय. फ्रेंच येत नसेल तरी फॉर्म एकसारखे असल्याने चार-पाच प्रकरणांत सरावता येतं.

अनघा_क :

आणि खोटे कागद कसे ओळखायचे? 'मॅजेस्टिक १२' या तबकड्यांवरच्या तथाकथित गुप्त समितीचे कागद तर अगदी खरे वाटतात. एफबीआयच्या साइटवर पण आहेत.

दप्तरी :

एफबीआयच्या साइटवर आहेत, पण त्यांवर मोठ्या अक्षरात 'बोगस' लिहिलेलं आहे. कागद सरकारी साइटवर असणं म्हणजे मजकूर खरा असणं नव्हे; आलेला प्रत्येक कागद कार्यालय फाइलला लावतंच. गाय हॉटेल मेमोचं तेच. २२ मार्च १९५०, न्यू मेक्सिकोत तीन तबकड्या आणि प्रत्येकीत तीन छोटे देह. कागद शंभर टक्के खरा. पण नीट वाचा : एकाने दुसऱ्याला सांगितलेलं तिसऱ्याने कळवलेलं, आणि शेवटी लिहिलंय की पुढे काही तपास केला नाही. एफबीआयच्या ऑनलाइन दालनात सगळ्यात जास्त पाहिला गेलेला कागद तोच, असं त्यांनीच २०१३ मध्ये सांगितलं होतं.

बनावट ओळखण्यासाठी अमेरिकेच्या अर्काइव्हजने 'मॅजेस्टिक १२'मधल्या १४ जुलै १९५४ च्या कटलर-ट्वायनिंग मेमोवर (राष्ट्राध्यक्षांचे सहायक कटलर यांनी जनरल ट्वायनिंग यांना लिहिला म्हणून दाखवला जाणारा) केलेली तपासणी वाचा. अतिगोपनीय कागदाला नोंदवहीचा क्रमांक असतो, यावर नाही. कटलर यांच्या कार्यालयातल्या कागदावर जलचिन्ह असायचं, यावर नाही. आणि त्या दिवशी कटलर देशातच नव्हते. क्रमांक, कागद, माणूस त्या दिवशी कुठे होता, या तीन गोष्टी आधी. अक्षरवळण आणि सही सगळ्यात शेवटी, कारण सही खऱ्या कागदावरून उचलता येते.

माहितीहक्क :

भारताचं काय? इथे कुणी हवाई दलाकडे अर्ज करून पाहावा असं सुचवण्याआधी थोडं सांगतो. 'सरकार तबकड्यांवर विश्वास ठेवतं का' असा अर्ज फेटाळला जाणार हे नक्की. माहिती अधिकार कायद्याच्या कलम २(फ) प्रमाणे असलेला दस्तऐवज मागता येतो, मत मागता येत नाही. भारत-तिबेट सीमा पोलीस, आयबी, रॉ, डीआरडीओ या संस्था कलम २४ खाली मुळातच बाहेर आहेत. हवाई दल त्या यादीत नाही, तिथे कलम ८(१)(अ) पुढे केलं जातं. वीस वर्षांहून जुन्या घटनेला कलम ८(३) लावून मागता येतं, पण सुरक्षेचा अपवाद तिथेही कायम राहतो. म्हणून आधी फायलींची यादी, विषयसूची आणि जपणुकीचा कालावधी मागा. फाइल क्रमांक हातात आला की दुसरा अर्ज.

दप्तरी :

भारताबद्दलचा सगळ्यात रंजक जुना कागद परदेशी आहे. सीआयएच्या खुल्या दालनात १९६८ चा एक अहवाल आहे, फेब्रुवारी-मार्च १९६८ मध्ये लडाख, सिक्कीम, भूतान आणि नेपाळवर दिसलेल्या वस्तूंचा. ४ मार्चची नोंद लडाखमधली, चांग ला, फुकचे, कोयुल : पांढरा प्रकाश, दोन स्फोटांचे आवाज, लालसर प्रकाश आणि पांढरा धूर. २५ मार्चची नेपाळची : जळती वस्तू, गडगडाट, हवेत तुकडे, आणि पोखऱ्याजवळ खळग्यात सापडलेली धातूची तबकडीसारखी वस्तू, पाया सहा फूट, उंची चार फूट. सीआयएच्या अशा अहवालांना 'ही कच्ची माहिती आहे' असा इशारा असतो, तो विसरू नका.

नेपाळची नोंद ध्रुवमत्स्यांच्या दुसऱ्या पायरीला लावून बघा. ज्वाळा, तुकडे, गडगडाट, जमिनीवर धातू : ही परतलेल्या रॉकेटची लक्षणं. पुढचा पत्रव्यवहार अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या 'मून डस्ट' या शीर्षकाखाली सापडतो. परदेशी अंतराळ-अवशेष मिळवण्याच्या कामाला तेच नाव होतं. अंतराळवीर आणि पडलेले अवशेष परत करण्याचा आंतरराष्ट्रीय करार सह्यांसाठी खुला झाला २२ एप्रिल १९६८ ला, म्हणजे महिन्याभराच्या आत.

ध्रुवमत्स्य :

लडाखवरून आठवलं. ऑगस्ट २०१२ ते फेब्रुवारी २०१३ या काळात तिथल्या सैन्याने रात्रीच्या दिव्यांच्या ३२९ नोंदी केल्या आणि त्यांतल्या १५५ घुसखोरी म्हणून धरल्या. भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या खगोलज्ञांनी दिशा आणि वेळा तपासल्या तेव्हा ते शुक्र आणि गुरू निघाले. सैनिकांनी वेळ आणि दिशा नियमाने लिहून ठेवली होती म्हणूनच हे सुटलं. उत्तम निरीक्षणनोंद अशी असते.

नेपाळच्या वेळा बदलताना जपा. त्यांची आजची ग्रीनिचच्या पावणेसहा तास पुढची वेळ १९८६ पासूनची आहे. १९६८ ला ती लावू नका.

अनघा_क :

मला स्वतः एखादं प्रकरण सुरुवातीपासून करून बघायचंय. सोपं, पण अगदीच क्षुल्लक नको.

ध्रुवमत्स्य :

३ मार्च १९६८ ची रात्र घ्या, अमेरिकेची पूर्व बाजू. स्थानिक वेळ पावणेदहाच्या आसपास. सोव्हिएत झोंड-४ या अंतराळयानाच्या उड्डाणातले अवशेष जळत गेले. ते काय होतं हे ठाऊक असल्यामुळे साक्षी मोजून बघता येतात. तुकडे एका रांगेत सरकत होते, तरी काही साक्षीदारांनी चौकोनी खिडक्या असलेलं लांबट यान पाहिल्याचं लिहिलं. आधी साक्षी वाचा, प्रत्येकीतून दिशा, कोन आणि सेकंद एवढंच तीन रकान्यांत काढा, आणि मग नकाशावर रेषा ओढा. दिशा बऱ्याच नेमक्या आणि अंतर सपशेल चुकलेलं, असं दिसेल. त्यानंतर न्यू मेक्सिकोतलं सोकोरो, २४ एप्रिल १९६४, वस्तू जमिनीवर उतरल्याचं सांगणारे पोलीस अधिकारी लॉनी झमोरा. ते अजून 'अनोळखी'त आहे आणि जमिनीवरच्या खुणांची मापं फाइलमध्ये आहेत. तिथे आकाशाचं गणित कामाला येत नाही.

माहितीहक्क :

आणि ज्यांना घराजवळचं हवंय त्यांनी २ एप्रिल २०२२ करावं. त्या संध्याकाळी विदर्भासह महाराष्ट्र, मध्य प्रदेश, गुजरातेतून जळते पट्टे दिसले आणि चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीला सुमारे तीन मीटर व्यासाची धातूची रिंग पडली. चीनच्या चांग झेंग ३बी रॉकेटच्या टप्प्याशी ती जोडली गेली. पंचनामा, पोलीस ठाण्याची डायरी, तहसीलदारांचा जिल्हाधिकाऱ्यांना गेलेला अहवाल आणि वस्तू ताब्यात देतानाची पावती, असे चार कागद मागण्यासारखे आहेत.

चारही एका अर्जात घालू नका. राज्याच्या नियमाप्रमाणे एका अर्जात एक विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा, केंद्राकडे पाचशे. तहसील आणि पोलीस ठाणं यांचे अर्ज वेगवेगळे करा, माहिती अधिकारी वेगळे असतात. इस्रोचा अर्ज केंद्राच्या पोर्टलवरून, दहा रुपये. मजकूर असा ठेवा :

'दि. ०२/०४/२०२२ रोजी मौजे लाडबोरी, ता. सिंदेवाही येथे आकाशातून पडलेल्या धातूच्या वस्तूबाबत आपल्या कार्यालयाने केलेला पंचनामा, त्यासोबतची छायाचित्रे व मोजमापे, आणि याबाबत जिल्हाधिकारी कार्यालयास पाठवलेल्या पत्रांच्या प्रमाणित प्रती मिळाव्यात.'

'का', 'कसे', 'कोणाच्या चुकीने' हे शब्द नकोत. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, टपालाने पाठवत असाल तर पोच देय. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील, कलम १९(१). चुकीच्या कार्यालयाकडे गेला तर कलम ६(३) प्रमाणे त्यांनीच पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा असतो, म्हणून 'आमच्याकडे नाही' एवढ्या उत्तरावर थांबू नका. प्रती आल्या की पंचनाम्यातली वेळ आणि व्हिडिओंतली वेळ ध्रुवमत्स्यांकडे द्या, मार्ग काढता येईल.